अमर्याद थाळी आणि बुफे: वाढून घ्यावे की वाढू द्यावे?

मुळाकाठ (धागाकर्ता)

ठरावीक पैसे भरा आणि हवे तितके जेवा, ही सोय आपल्याकडे दोन तऱ्हांनी मिळते. एका तऱ्हेत आपण ताटावर बसून राहतो आणि वाढपी पुन्हापुन्हा येऊन वाढतात. पुण्यातली दुर्वांकुर, श्रेयस, सुकांता, काळबादेवीत 1945 सालापासून चालू असलेले श्री ठाकर भोजनालय आणि माटुंग्यात केळीच्या पानावर जेवू घालणारे 1942 सालचे रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. दुसऱ्या तऱ्हेत पदार्थ लांबलचक टेबलांवर मांडून ठेवलेले असतात आणि ताट हातात घेऊन, रांगेत उभे राहून आपण स्वतः वाढून घेतो. शहरात आता वाढदिवस असो, ऑफिसची पार्टी असो की जुन्या वर्गमित्रांची भेट, पहिला विचार या दुसऱ्या तऱ्हेचाच होतो. मला मात्र असे वाटते की जेवणाऱ्याच्या पोटाला, खिशाला आणि शिजवलेल्या अन्नालाही न्याय मिळतो तो पहिल्या तऱ्हेत. बुफेबद्दलच्या आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ दरात किंवा पदार्थांच्या संख्येत नसून, वाढण्याचे काम जेवणाऱ्यावर सोपवण्यात आहे.

चांगल्या थाळीगृहातला वाढपी काम करत असताना मुद्दाम पाहावा. तो आमटीचे ओगराळे कधी काठोकाठ भरत नाही, अर्धेच भरून वाटीत ओततो, कारण दोन मिनिटांनी आपण पुन्हा इथून जाणार आहोत हे त्याला ठाऊक असते. फुलका एका वेळी एकच येतो, तोही तव्यावरून थेट, आणि त्यावर तूप सोडताना वाढप्याची नजर आपल्या ताटाकडे नसून शेजारच्या ताटातल्या रिकाम्या वाटीकडे लागलेली असते. कोणी वाटी बोटाने जरा पुढे सरकवली, कोणी ताटावर हात आडवा धरला, कोणी भाताला मध्ये खळगा केला, या सगळ्या खुणा तो वाचत जातो. राजधानीसारख्या थाळीगृहांत तर वाढपी आपापसांत कोणता पदार्थ कोणत्या टेबलावर हवा हे हातांच्या खुणांनीच सांगतात, आणि भरलेल्या दालनातही आरडाओरडा ऐकू येत नाही. अशा जेवणात पानावर एका वेळी फार थोडे अन्न असते, जे असते ते गरम असते, आणि पुढचे मिळणार याची खात्री असल्यामुळे साठा करून ठेवावा असे कोणालाच वाटत नाही.

बुफेत नेमके याच्या उलट घडते. पुन्हा उठावे लागेल, पुन्हा रांग असेल, कदाचित तोवर पनीर संपलेले असेल, या विचाराने माणूस पहिल्याच फेरीत ताट भरून घेतो. गुलाबजामाचा पाक नूडल्सना लागतो आणि दहीवड्याचे दही बिर्याणीखाली जाते. त्यात भर पडते ती विविधतेची. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवून दिले की एकाच चवीचा पदार्थ खात राहिले की त्या चवीची गोडी उतरते, पण नवी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच दिली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. आपल्या थाळीतही विविधता असते, हे खरे आहे, पण तिथे ती दहाबारा पदार्थांवर थांबते आणि त्यांचा एकमेकांशी मेळ घातलेला असतो. चाळीस-पन्नास पदार्थांच्या मांडणीत असा मेळ कोणी घालत नाही, आणि घालणे शक्यही नाही.

दुसरी गोष्ट पैसे वसूल करण्याच्या भावनेची. पुढे 2017 साली नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 च्या आपल्या निबंधात एका पिझ्झाच्या दुकानातला प्रयोग सांगितला आहे. हवे तितके खाण्याच्या दुपारच्या जेवणात काही गिऱ्हाइकांना त्यांचे पैसे परत देण्यात आले, बाकीच्यांना नाही, आणि ज्यांच्या खिशातून पैसे गेले होते ते जास्त जेवले. पिझ्झा तोच होता आणि भूकही साधारण तीच होती. ही भावना थाळीतही असते, परंतु तिथे प्रत्येक वाढीला 'हो' किंवा 'पुरे' म्हणावे लागते, आणि त्या एका क्षणाच्या थांबण्याने पुष्कळ फरक पडतो.

इथे काही सदस्य हॉटेल व्यवसायात आहेत. त्यांचे मत वाचायला मला विशेष आवडेल, आणि बुफेच्या बाजूने ज्यांना बोलायचे आहे त्यांचेही.

भटारखाना

मुळाकाठ यांनी मांडलेला विचार मला पटतो, पण त्यांनी सगळी जबाबदारी जेवणाऱ्याच्या ताटावर ठेवली आहे आणि माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी बरीच वर्षे बँक्वेट किचनमध्ये काम केले आहे. बुफेत वाया जाणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा पाहुण्यांच्या ताटातून येत नाही, तो काउंटरवरच्या चेफिंग डिशमधून, म्हणजे पदार्थ गरम ठेवण्याच्या झाकणाच्या भांड्यांतून येतो. शेवटचा पाहुणा साडेतीनला आला तरी त्याला पहिल्या पाहुण्यासारखी भरलेली मांडणी दिसली पाहिजे, असा या धंद्याचा नियम आहे. त्यामुळे बंद होण्याच्या वीस मिनिटे आधीसुद्धा पुलावाचे भांडे भरले जाते. भांडे तळाला गेलेले दिसले की व्यवस्थापक किचनमध्ये येऊन विचारतो, आणि ते भरलेले अन्न पुढे कुठे जाणार हे मात्र त्या वेळी कोणी विचारत नाही.

दराचे गणितही सांगतो, कारण त्याबद्दल लोकांच्या मनात गैरसमज फार आहेत. दर ठरवताना सगळ्यात जास्त खाणारा माणूस कोणी धरत नाही, सरासरी धरतात. एक जण दोन माणसांचे जेवला तर त्याच टेबलावरच्या आजी अर्धे जेवतात, आणि कुटुंबाचा हिशेब जुळतो. बाकीचे काम मांडणी करते. रांगेच्या सुरुवातीला सॅलड, पाव, सूप, भात आणि नूडल्स असतात, कारण रिकामे ताट सगळ्यात लवकर तिथेच भरते. महागडे पदार्थ शेवटी असतात. भाताला मोठा डाव असतो आणि कबाबला छोटा चिमटा असतो. बसल्याबसल्या गोड सरबत किंवा थंड पेय येते. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण कोणालाही कबाब घेण्यापासून अडवलेले नसते. पण जेवणाऱ्याने हे जाणून घेतले तर एकदा रिकाम्या हाताने सगळ्या टेबलांवरून फेरी मारून मग ताट उचलणे किती शहाणपणाचे आहे, हे लक्षात येईल.

अमर्याद काय ठेवायचे आणि मोजून काय द्यायचे हे ठरवण्यातच खरे कौशल्य आहे, आणि त्याचा उत्तम नमुना आपल्या कोल्हापुरात आहे. मटणाच्या ताटात सुके मटण मोजके असते, पण तांबडा आणि पांढरा रस्सा वाटी रिकामी होईल तसा पुन्हा मिळतो. मटण महाग आहे. रस्सा त्याच मटणाच्या अळणीतून, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यातून निघतो, त्याला खोबरे, खसखस आणि मसाले लागतात, पण एक वाटी वाढवल्याने मालकाचा तोल जात नाही. शिवाय जेवणाऱ्याचे समाधान रश्श्यातच असते. याउलट अमेरिकेतल्या रेड लॉबस्टर या उपाहारगृहांच्या साखळीने 2023 साली वीस डॉलरमध्ये हवी तितकी कोळंबी ही योजना कायमची केली, म्हणजे ताटातली महागडी वस्तूच अमर्याद केली. पुढच्या काही महिन्यांत कोट्यवधी डॉलरचा तोटा दिसू लागला, आणि मे 2024 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जागांची भाडी, व्यवस्थापनातले बदल अशी कारणे त्यामागे आणखीही होती. तरी कोळंबीचा आणि रश्श्याचा फरक धंदा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

आणखी एक. बार्बेक्यू नेशनचे पहिले उपाहारगृह 2006 साली मुंबईत सुरू झाले आणि तेव्हापासून टेबलात बसवलेल्या शेगडीची ही पद्धत देशभर पसरली. तिथे मुख्य जेवणाला बुफे असला तरी सळयांवरचे पदार्थ वाढपीच आणून शेगडीवर ठेवतो, आणि टेबलावरचा छोटा झेंडा आपण खाली करेपर्यंत आणत राहतो. म्हणजे मुळाकाठ म्हणतात ती 'पुरे' म्हणण्याची खूण तिथेही आहे. अडचण एवढीच आहे की बहुतेक लोक झेंडा पोट भरल्यावर उतरवतात आणि नंतर पूर्ण जेवणाच्या टेबलांकडे जातात.

तुळशीकट्टा

मला बुफेच्या बाजूने लिहायचे आहे, आणि ते माझ्या सासूबाईंकडे पाहून लिहायचे आहे. त्यांना मधुमेह आहे, दात कमकुवत आहेत आणि तिखट सोसत नाही. थाळीगृहात त्या बसल्या की वाढपी प्रेमाने जिलबी ठेवतो, त्या नको म्हणतात, तो "एक घ्या आजी" म्हणतो, आणि त्यांच्या पिढीला समोरून आलेला आग्रह मोडवत नाही. घरी आल्यावर साखर वाढलेली असते. बुफेत त्या स्वतः फिरतात, झाकण उघडून पाहतात, मऊ भात, वरण, उकडलेल्या भाज्या आणि थोडे दही एवढेच घेतात आणि कोणी त्यांना काही म्हणत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईलाही पदार्थापुढची पाटी वाचता येते, तिथे उभ्या असलेल्या आचाऱ्याला विचारता येते. पंक्तीत बसल्यावर प्रत्येक वाढीला चौकशी करणे अवघड जाते.

मला खटकतो तो दर. थाळी असो वा बुफे, दोन पोळ्या आणि मूठभर भात खाणाऱ्या वृद्धांकडून पूर्ण पैसे घेतले जातात. लहान मुलांना वयानुसार सवलत असते, तशी ज्येष्ठांना फार थोड्या ठिकाणी असते. भटारखाना यांनी लिहिलेला सरासरीचा हिशेब मला समजतो, पण त्या हिशेबात आजीचे पैसे दुसऱ्या कोणाच्या कबाबावर खर्च होतात, हे त्यांनीच स्पष्ट केले आहे. रामा नायक यांच्याकडे पानावरच्या अमर्याद जेवणाबरोबर मोजक्या ताटाचीही सोय आहे. अशी सोय सगळ्या थाळीगृहांनी ठेवावी आणि ती दरपत्रकावर ठळकपणे छापावी.

पेट्रीपात्र

अन्नसूक्ष्मजीवशास्त्र हा माझा विषय आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, असे मानले जाते. त्यामुळे गरम पदार्थ साठ अंशांच्या वर आणि थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली राहिला पाहिजे. चेफिंग डिश पदार्थ तापवण्यासाठी नसते, आधीच तापलेला पदार्थ गरम ठेवण्यासाठी असते. किचनमधून कोमट आलेली भाजी तिच्यात ठेवली तर ती तासभर कोमटच राहते. भाताबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. बॅसिलस सेरेयस या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात. शिजवलेला भात बराच वेळ बाहेर राहिला तर त्यांच्यापासून जंतू वाढतात आणि उलटी घडवणारे विष तयार होते. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे सकाळच्या भाताचा दुपारी फ्राइड राइस करणे हा उपाय ठरत नाही. मोठ्या पातेल्यातला दाट रस्सा सावकाश थंड होतो आणि त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा जंतू वाढू शकतो.

थाळीगृहात हा धोका अजिबात नसतो असे नाही, कारण तिथलीही आमटी मोठ्या भांड्यातूनच येते. पण पदार्थ किचनमधून थेट पानात येतो, वाटेत तास-दोन तास उघड्यावर राहत नाही, आणि वाढण्याचे भांडे एका माणसाच्या हातात असते. बुफेत एकच चिमटा शंभर हातांतून जातो. जपानच्या एनएचके या वाहिनीने 2020 साली एक प्रयोग दाखवला होता. दहा जणांपैकी एकाच्या हाताला अतिनील प्रकाशात चमकणारा रंग लावला आणि सगळ्यांना अर्धा तास नेहमीसारखे बुफेत जेवू दिले. नंतर दिवा लावून पाहिले तर तो रंग दहाही जणांपर्यंत पोहोचला होता आणि तिघांच्या चेहऱ्यावरही दिसला. चिमटे वारंवार बदलणे, वाढण्यासाठी माणूस नेमणे आणि हात धुणे या साध्या उपायांनी तो प्रसार बराच घटला.

बुफेला जायचेच असेल तर सुरुवातीच्या तासात जावे. झाकण उघडल्यावर वाफ येते का हे पाहावे, मेयोनेज घातलेली सॅलड बर्फावर ठेवलेली आहेत का हे पाहावे, आणि ताट वाढून झाल्यावर, जेवायला हात लावण्याआधी हात धुवावेत. बहुतेक जण हात आधी धुतात आणि मग चिमटे हाताळतात.

बांगडातवा

लहान ताट घेतले की माणूस आपोआप कमी खातो, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे असे वाचनात आले होते. तसे असेल तर सगळ्या वादावर सोपा उपाय हाच आहे की बुफेवाल्यांनी ताटे लहान करावीत.

पेट्रीपात्र

बांगडातवा यांस: ताटाच्या आकाराविषयीचा आणि बुफेतल्या वागण्याविषयीचा बराच गाजलेला भाग कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॅनसिंक यांच्या प्रयोगशाळेतून आला होता. विद्यापीठाच्या चौकशीत 2018 साली त्यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका आला आणि त्यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले. बुफेच्या दराचा चवीवर होणारा परिणाम सांगणारा निबंधही त्यांत होता. म्हणून त्या निष्कर्षांचा आधार घेऊ नये. लहान ताटामुळे एका फेरीत कमी अन्न घेतले जाते आणि पानात टाकले जाणारे अन्न घटू शकते, एवढे म्हणायला हरकत नाही. पोटात जाणारे अन्न कमी होते की नाही हा वेगळा प्रश्न आहे.

राहतो_एडिसनला

इथे न्यू जर्सीत भारतीय उपाहारगृहांची ओळख अनेक वर्षे दुपारच्या बुफेनेच होती. कामाच्या दिवशी अर्ध्या तासात जेवून परत जायचे असते, सोबतच्या अमेरिकन सहकाऱ्याला कोणता पदार्थ कसा लागतो हे माहीत नसते, अशा वेळी बुफे फार सोयीचा असे. पुष्कळांनी पालक पनीर आणि छोले पहिल्यांदा चाखले ते याच टेबलांवर. करोनाच्या साथीत ते सगळे एकाएकी बंद झाले. सॅलड बुफेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वीट टोमॅटोज या साखळीने तर मे 2020 मध्ये आपली सगळी उपाहारगृहे कायमची बंद केली. साथ ओसरल्यावर काही भारतीय मालकांनी बुफे फक्त शनिवार-रविवारपुरता ठेवला आणि इतर दिवशी दुपारची मोजकी थाळी सुरू केली. एका मालकांनी मला सांगितले की थाळीत त्यांचा नफा कमी झाला नाही, कारण रात्री फेकून द्यावे लागणारे अन्नच उरत नाही.

ही पद्धत जगभर कशी पसरली तेही पाहण्यासारखे आहे. स्वीडनमधली अनेक पदार्थ एकत्र मांडण्याची जुनी रीत 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेने पाहिली. पुढच्या दशकात लास व्हेगासमधल्या एल रांचो व्हेगास हॉटेलाने रात्री उशिरा एका डॉलरात हवे तितके जेवण देऊ केले, आणि त्यामागचा हेतू उघड होता: पाहुण्याने जुगाराच्या टेबलापासून दूर जाऊ नये. तिथे जेवणातून नफा मिळवायचाच नव्हता. 1958 साली टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने हीच रीत जपानमध्ये आणली, आणि तिथल्या 'इंपीरियल व्हायकिंग' या उपाहारगृहाच्या नावावरून जपानी माणूस आजही बुफेला 'बाइकिंगु' म्हणतो.

मुळाकाठ यांच्या मुद्द्याला जोड देणारी एक पद्धत इथल्या जपानी उपाहारगृहांत आहे. ठरावीक पैशांत हवी तितकी सुशी मिळते, पण मांडून ठेवलेली नसते. टेबलावरच्या चिठ्ठीवर खुणा करून मागवायची, आचारी ती मागणीनुसार बनवतो, संपली की पुढची चिठ्ठी द्यायची. ताटात सुशी उरली तर तिचे वेगळे पैसे लावले जातील अशी सूचना बहुतेक ठिकाणी चिठ्ठीवरच छापलेली असते. लोक दोन-दोन, तीन-तीन प्रकार मागवून सावकाश जेवतात.

मुळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तुळशीकट्टा यांचा आग्रहाबद्दलचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. आग्रह घरच्या पंक्तीत शोभतो, कारण तिथे वाढणाऱ्याला पाहुण्याची तब्येत माहीत असते. थाळीगृहात त्याची जागा विचारण्याने घ्यायला हवी, आणि चांगला वाढपी गोड वाढण्याआधी क्षणभर थांबतोच. माझी सूचना अशी की बसल्याबरोबर, पहिला पदार्थ पानात पडण्याआधीच, "आजींना गोड आणि तळलेले वाढू नका" एवढे कप्तानाला, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला सांगावे. पुढे प्रत्येक वाढप्याला तो स्वतः कळवतो, आणि आजींना पुन्हापुन्हा नाही म्हणावे लागत नाही. ज्येष्ठांसाठी मोजक्या ताटाची मागणी तर मला पूर्ण मान्य आहे.

भटारखाना यांनी काउंटरवरच्या नासाडीबद्दल लिहिले, त्यामुळे माझे मत आणखी पक्के झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यात घरांचा वाटा साठ टक्के होता आणि उपाहारगृहे, खानावळी, कँटीन यांचा अठ्ठावीस टक्के. या अठ्ठावीस टक्क्यांबाबत उरलेले अन्न कोणाला तरी द्यावे असे आपण सहज म्हणतो, आणि 2014 पासून रॉबिन हूड आर्मीसारख्या स्वयंसेवकांच्या गटांनी ते काम मोठ्या निष्ठेने केलेही आहे. पण पेट्रीपात्र यांचे म्हणणे लक्षात घेतले तर दोन तास उघड्या भांड्यात राहिलेला, शंभर हातांनी ढवळलेला पुलाव कोणाही भुकेल्या माणसाला देणे योग्य होणार नाही. थाळीगृहात उरलेली आमटी पातेल्यात, झाकणाखाली, किचनमध्येच उरते. ती वेळेत दिली तर निर्धास्तपणे देता येते. वाढप्याच्या हातून वाढण्याचा हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो जेवणाऱ्याला दिसत नाही.

थाळीगृहांचेही एक दुखणे आहे, तेही लिहितो. गर्दीच्या रविवारी बाहेर थांबलेल्या लोकांकडे पाहून वाढण्याचा वेग वाढवला जातो. सगळे पदार्थ चार मिनिटांत पानात येऊन पडतात, फुलका संपण्याआधी भात येतो, आणि जेवण उरकल्यासारखे होते. आमरसाच्या दिवसांत हे फार जाणवते, कारण एप्रिल-मेमध्ये लोक रसासाठीच आलेले असतात. मध्यंतरी एका थाळीगृहात दुसरी वाटी मागितल्यावर वाढपी दिसेनासा झाला आणि बिल मात्र अमर्याद रसाचे आले. अशा ठिकाणी रस किती वाट्या मिळणार हे आधी विचारावे आणि मालकांनीही ते स्पष्ट लिहावे. मोजून दिलेला रसही आनंदाने खाता येतो, फक्त तसे आधी सांगितलेले असावे.

कंदीपेढा_सातारा

चर्चा वाचून एक प्रत्यक्ष अडचण मांडतो. वडिलांची साठी शांत आहे, साठ-सत्तर माणसे असतील, निम्मी साठीच्या पुढची. कार्यालयाचा केटरर बुफेच घ्या म्हणतो. पंगत हवी असेल तर वाढपी जास्त लागतील आणि प्रत्येक ताटामागे दर वाढेल असे त्याचे म्हणणे आहे. हॉटेलचे दालन घ्यावे असाही एक विचार आहे, पण तिथे बिलात सेवाशुल्क वेगळे लावतील असे कळते. काय करावे?

भटारखाना

केटरर खरे बोलत आहे, पंगतीला माणसे जास्त लागतात. दहा-बारा पानांमागे एक वाढपी धरला तरच पंगत नीट चालते. पण सत्तर माणसांच्या कार्याला हा खर्च तितका मोठा नसतो, आणि त्यातला काही भाग पदार्थांची संख्या कमी करून सहज भरून निघतो. दोन भाज्या, एक उसळ, कोशिंबीर, चटणी, आमटी, मसालेभात, पुरी, एक गोड आणि मठ्ठा एवढे पुरेसे आहे. बुफेसाठी सुचवलेले पास्ता, मंचुरियन, दुसरे गोड आणि चाट काउंटर काढून टाका आणि मग दर विचारा.

तरीही दर परवडत नसेल तर मधला मार्ग आहे. पदार्थ टेबलावर मांडू द्या, पण प्रत्येक टेबलामागे वाढायला माणूस उभा राहील अशी अट घाला, म्हणजे चिमटा एकाच्याच हातात राहील. मोठ्या भांड्यांऐवजी छोटी भांडी ठेवून ती वरचेवर भरायला सांगा. ज्येष्ठांसाठी दोन ओळी टेबल-खुर्च्या वेगळ्या लावा आणि तिथे मात्र जागेवर वाढू द्या. एवढ्यासाठी दोन-तीन वाढपी पुरतात आणि केटरर त्याला सहसा नाही म्हणत नाही.

ताटांचा हिशेब लेखी घ्या. किमान किती ताटांचे पैसे द्यावे लागतील, त्यापेक्षा जास्त माणसे आली तर दर काय, लहान मुलांचे ताट अर्धे धरणार का, आणि ताटे मोजताना तुमच्या घरचा एक माणूस हजर राहील, या चार गोष्टी आगाऊ रक्कम देण्याआधीच ठरल्या पाहिजेत. केटररच्या बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक असायला हवा, तो पाहून घ्या. उरलेले अन्न किचनमधले की टेबलावरचे, याची वेगळी भांडी ठेवायला सांगा, म्हणजे द्यायचे झाले तर काय देता येईल हे त्याच वेळी कळेल.

सेवाशुल्काबाबत: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल किंवा उपाहारगृहाला ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या सूचना वैध ठरवल्या आहेत. तरीही लावले तर काढून टाकायला सांगा, आणि नाही ऐकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. वाढप्यांना जे द्यायचे ते जेवणे आटोपल्यावर त्यांच्या हातात द्या.